हुडकोचा सोळावा बाइट

भिलाईतल्या हुडको वसाहतीचं नाव देवनागरीत लिहिलं की डोळ्याला तीन अक्षरं दिसतात. संगणकासाठी ती पाच चिन्हं आहेत: ह, उकार, ड, क आणि ओकार. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. म्हणजे झाले 15. सी भाषेत मजकूर कुठं संपला हे कळावं म्हणून शेवटी एक शून्य ठेवावं लागतं, त्याचा आणखी 1 बाइट. एकूण 16.

भिलाई-दुर्ग हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा पट्टा आहे. दुर्गचं भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1986 पासून आहे, आयआयटी भिलाई 2016 पासून. अशा एखाद्या विद्यार्थ्यानं आपल्या वस्तीतल्या रहिवाशांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम सी भाषेत लिहिला असं समजू. प्रत्येक नोंदीच्या स्ट्रक्चरमध्ये दोन गोष्टी आहेत. वस्तीच्या नावासाठी 15 बाइटांचा अॅरे, आणि त्यामागे घर क्रमांकासाठी 4 बाइटांचा पूर्णांक. प्रोग्राम कंपाइल होतो आणि चालतोही. हुडको, भिलाई, दुर्ग, मुंबई अशी नावं घालून तो तपासला जातो आणि उत्तरं बरोबर येतात. ही चारही नावं मोजून 15 बाइटांची आहेत. चारही वेळा शेवटचं शून्य अॅरेच्या बाहेर पडलं आहे आणि चारही वेळा कुणालाही काही कळलेलं नाही.

कळलं नाही याला कारण आहे. 4 बाइटांचा पूर्णांक 4 ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवला तर प्रोसेसरला सोयीचं जातं, म्हणून कंपायलर दोन घटकांच्या मध्ये गरजेप्रमाणे मोकळी जागा सोडतो. तिला पॅडिंग म्हणतात. आपल्या स्ट्रक्चरमध्ये नाव 0 ते 14 या जागांवर बसतं, घर क्रमांक 16 पासून सुरू होतो आणि मधली 15 क्रमांकाची जागा रिकामी राहते. आपलं शून्य नेमकं तिथं पडतं. चूक झालेली असते, पण इजा कुणाला होत नाही. असा प्रोग्राम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू शकतो.

मग एक दिवस कुणीतरी सुधारणा करतं. घरांचे गट आहेत, तर गटाचं एक रोमन अक्षर नोंदीत हवं, म्हणून नावाच्या मागे 1 बाइटाचा घटक घातला जातो. तो बरोबर 15 व्या जागेवर जाऊन बसतो. स्ट्रक्चरचा आकार आधीही 20 बाइट होता, आताही 20 बाइटच आहे. आकार तपासणाऱ्याला काही बदललंय असं वाटणारही नाही. आता प्रोग्राममध्ये आधी नाव भरलं आणि मग गट भरला, तर गटाचं अक्षर शेवटच्या शून्यावर बसतं. नाव छापणाऱ्या फंक्शनला शून्य सापडत नाही, म्हणून ते पुढं वाचत राहतं. गट बी आणि घर क्रमांक 72 असेल तर पडद्यावर हुडको, त्याला चिकटून रोमन बी आणि त्यामागे रोमन एच येतं, कारण 72 हा एच या अक्षराचा अंक आहे. घर क्रमांक 214 असेल तर बीनंतर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. क्रमांक 256 असेल तर नुसतं बी. आणि प्रोग्राममध्ये आधी गट व मग नाव भरलं जात असेल, तर नाव अगदी सुरेख छापलं जातं, पण गट पुसला जातो.

आता हे दुरुस्त करायला बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तक्रार येते की काही नोंदींत वस्तीच्या नावामागे कचरा दिसतो, प्रत्येकाच्या मागे वेगळा, आणि पुणे लिहिलेल्या नोंदीत मात्र काही बिघाड नाही. पुणे 12 बाइटांत मावतं, हे त्याला ठाऊक नसतं. तो छापणारं फंक्शन तपासतो, फॉन्ट तपासतो. कालच गटाचा घटक घातला म्हणून तो काढून पाहतो, आणि कचरा जातो. मग चूक गटाच्या घटकात होती असा निष्कर्ष निघतो. तो साफ खोटा आहे. गटानं फक्त आधीपासून असलेली चूक उघडी पाडली.

मेमरीच्या बिघाडांविषयी मला या प्रकरणात एवढंच सांगायचं आहे: चूक जिथं होते आणि पडझड जिथं दिसते, त्या दोन जागांमध्ये अंतर असतं. कधी काही बाइटांचं, कधी काही महिन्यांचं. बिघाड शोधण्याची सगळी कला म्हणजे हे अंतर कमी करण्याची कला आहे.

याच जातीची एक चूक 19 जुलै 2024 रोजी सगळ्या जगानं पाहिली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या प्रोग्राममध्ये एका प्रकारच्या नोंदीला 21 घटक आहेत असं एका ठिकाणी ठरलं होतं, आणि ते पुरवणारा कोड 20 च देत होता. कित्येक महिने कुठल्याच नियमानं 21 वा घटक खरोखर वाचला नाही, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं. त्या दिवशी आलेल्या नव्या फाइलनं तो पहिल्यांदा वाचायला लावला. अॅरेच्या बाहेरची जागा वाचली गेली आणि विंडोजवर चालणारे सुमारे 85 लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या दिवशीच्या फाइलनं चूक उघडी पाडली, पण चूक तिच्या कितीतरी आधीची होती.

आपल्या नोंदवहीकडे परत येऊ, कारण तिथली दुरुस्तीही वाटते तितकी सोपी नाही. 15 चे 16 केले की हुडको मावतं. पण भिलाईतल्याच सुपेला या वस्तीचं नाव लिहायला 19 बाइट लागतात आणि खुर्सीपारचं लिहायला 28. बरं, मर्यादेत राहून कॉपी करणारं फंक्शन वापरलं, तर ते बाइट मोजतं, अक्षरं नव्हे. 15 ची मर्यादा घातली तर ते 14 बाइट ठेवतं आणि 15 वं शून्य. ओकाराचे 3 पैकी 2 बाइट उरतात आणि हुडकच्या मागे एक तुटलेलं चिन्ह लोंबतं. मेमरी वाचली, माहिती नासली. देवनागरीत काम करणाऱ्यानं म्हणूनच मर्यादा ओलांडली तर काय करायचं हे आधी ठरवावं: नोंद नाकारायची, की नावाला लागेल तेवढी मेमरी मागून घ्यायची. इंग्रजी नावांवर तपासलेला प्रोग्राम मराठी किंवा हिंदी नावांसाठी तपासलेला नसतो. एवढी एक गोष्ट आपल्या कॉलेजांमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं.

पत्ता आणि घर

इतकी उघड चूक भाषा खपवून कशी घेते? डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्समध्ये सी भाषा घडवली ती ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्यासाठी. यंत्र लहान होतं, मेमरी तुटपुंजी होती. अॅरेच्या प्रत्येक वापरावेळी मर्यादा तपासायची म्हणजे प्रत्येक वेळी काही सूचना जास्त चालवायच्या. रिचींनी ती जबाबदारी प्रोग्रामरवर सोपवली. कंपायलर आपला कोड थेट यंत्राच्या सूचनांमध्ये उतरवतो आणि बाजूला होतो. प्रोग्राम चालताना त्याच्यावर नजर ठेवायला कुणी नसतं. अॅरे 15 बाइटांचा होता ही माहितीसुद्धा चालत्या प्रोग्राममध्ये उरलेली नसते, उरतो फक्त सुरुवातीचा पत्ता.

पत्ता साठवून ठेवणारी गोष्ट म्हणजे पॉइंटर. भिलाईच्या टाउनशिपमध्ये वाढलेल्याला पॉइंटर समजावून सांगणं सोपं आहे. तिथल्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरचा पत्ता म्हणजे सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर. चिठ्ठीवर तो लिहून घेतला म्हणून घर आपलं होत नाही. राहणारा निवृत्त झाला की क्वार्टर सोडतो आणि पुढं ते दुसऱ्याला मिळतं. जुनी चिठ्ठी मात्र कुणाच्या तरी खिशात तशीच राहते. ती घेऊन कुणी गेलं तर दार सापडतं, आत माणसंही असतात, फक्त ती वेगळी असतात. सोडून दिलेल्या मेमरीचा पत्ता बाळगणाऱ्या पॉइंटरला डँगलिंग पॉइंटर म्हणतात, आणि त्याचा धोका इथंच आहे. तो पत्ता चुकीचा नसतो, जुना असतो.

मध्य भारतात ही गोष्ट ज्या पुस्तकांमधून घरोघरी पोचली ती नागपुरात लिहिली गेली. यशवंत कानेटकर यांचं 'लेट अस सी', त्याच्या जोडीला 'अंडरस्टँडिंग पॉइंटर्स इन सी' आणि 'डेटा स्ट्रक्चर्स थ्रू सी'. भारतभरच्या विद्यार्थ्यांच्या किमान दोन पिढ्या या पुस्तकांवर शिकल्या. पॉइंटर या एकाच विषयाला वेगळं पुस्तक द्यावं असं कानेटकरांना वाटलं, हे मला फार योग्य वाटतं. पत्त्यांची चौकट काढायची, प्रत्येक चौकटीखाली 65524 असा काल्पनिक पत्ता लिहायचा आणि बाण काढत जायचं, ही सवय आजही उपयोगी आहे. डिबगर उघडण्याआधी कागदावर चित्र काढलं तर निम्मे बिघाड तिथंच सापडतात.

त्या काळची दुसरी सवय मात्र मोडावी लागते. कॉलेजांच्या लॅबमध्ये टर्बो सी होतं, डॉसवर चालणारं. डॉसमध्ये प्रोग्रामला मेमरीचं कुंपण नव्हतं. वाट्टेल त्या पत्त्यावर लिहिलं तरी यंत्र अडवत नसे. टर्बो सीनं यावर छोटासा उपाय केला होता. प्रोग्रामच्या डेटा विभागाच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे शून्य पत्त्याजवळ, बोरलँड कंपनीच्या स्वामित्वहक्काचा मजकूर ठेवलेला असे. प्रोग्राम संपताना तो मजकूर जसाच्या तसा आहे का हे तपासलं जाई. बदललेला असेल, तर काहीही न ठेवलेल्या पॉइंटरमधून कुणीतरी लिहिलं असणार. मग पडद्यावर 'नल पॉइंटर असाइनमेंट' असं उमटे. उत्तर आधीच बरोबर छापून झालेलं असे, त्यामुळे विद्यार्थी त्या ओळीकडे काणाडोळा करत. प्रोग्राम संपल्यावर आलेली ही सूचना चूक झाल्याचं सांगत होती, पण कुठं झाली ते सांगू शकत नव्हती.

आजच्या लिनक्सवर तोच प्रोग्राम 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणून जागच्या जागी मरतो, कारण शून्याजवळचा पत्ता प्रोग्रामच्या ताब्यातच नसतो आणि प्रोसेसर ते लगेच पकडतो. नवशिक्याला हे वाईट वाटतं. पण जागच्या जागी क्रॅश होणारा प्रोग्राम ही शोधणाऱ्याची मोठी सोय आहे. त्याच्यात चूक आणि पडझड यांच्यातलं अंतर जवळजवळ शून्य असतं.

सोडलेली मेमरी

लिंक्ड लिस्ट पुसून टाकायची आहे. लूप लिहिला जातो: पॉइंटर पहिल्या नोडवर ठेवा, नोड सोडून द्या, मग त्याच नोडमधल्या 'पुढचा' या घटकातून पुढच्या नोडवर जा. चूक उघड आहे, नोड सोडल्यावर त्याच्यात डोकवायचं नाही. तरीही हा लूप शेकडो वेळा चालतो. मेमरी सोडली म्हणजे ती पुसली जात नाही. मेमरी व्यवस्थापक फक्त ती रिकामी म्हणून नोंदवतो, आणि ही नोंद ठेवायला त्याच सोडलेल्या तुकड्याचे सुरुवातीचे बाइट वापरतो. त्यामुळे 'पुढचा' हा घटक स्ट्रक्चरमध्ये सुरुवातीला असेल तर तो लगेच बिघडतो, आणि बराच मागे असेल तर शाबूत राहतो. घटकांचा क्रम बदलला म्हणून एका यंत्रावर बग गेला आणि दुसऱ्यावर आला, असं जे सांगितलं जातं त्यामागे बहुधा हेच असतं.

अशा वेळी अंदाज बांधत बसू नये. अॅड्रेस सॅनिटायझर वापरावा. गूगलमधल्या कॉन्स्टंटिन सेरेब्र्यानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2012 साली मांडला आणि आता तो जीसीसी व क्लँग या दोन्ही कंपायलरांमध्ये आहे. कंपाइल करताना एक पर्याय द्यायचा, बाकी कोडला हात लावायचा नाही. तो मेमरीच्या दर 8 बाइटांमागे 1 बाइट स्वतःच्या टिपणासाठी ठेवतो, आणि त्या 8 पैकी किती बाइट वापरायला मोकळे आहेत हे तिथं लिहितो. मागून घेतलेल्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना तो वर्ज्य पट्टे ठेवतो. सोडलेला तुकडा लगेच दुसऱ्याला देत नाही, काही काळ अडकवून ठेवतो, म्हणजे जुन्या पत्त्यावर कुणी आलं तर सापडावं. या सगळ्यापायी प्रोग्राम साधारण दुप्पट वेळ घेतो.

आपला लूप त्याच्याखाली चालवला तर पहिल्याच फेरीत प्रोग्राम थांबतो आणि लांबलचक अहवाल येतो. नवखा माणूस तो पाहून बिचकतो, पण त्यात वाचण्यासारखे तीनच भाग असतात. पहिला: कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीनं सोडलेली मेमरी वाचली. दुसरा: ती मेमरी कोणत्या ओळीनं सोडली. तिसरा: ती मुळात कोणत्या ओळीनं मागितली होती. बहुतेक लोक पहिला भाग वाचून ती ओळ बदलायला धावतात. खरी चूक पुष्कळदा दुसऱ्या भागात असते. ही मेमरी सोडण्याचा अधिकार त्या फंक्शनला होता का, हा प्रश्न तिथं विचारायचा असतो.

त्याआधीचं साधन व्हॅलग्रिंड, ज्युलियन सेवर्ड यांचं, 2002 पासूनचं. त्याला पुन्हा कंपाइल करणं लागत नाही. ते तयार प्रोग्राम एका कृत्रिम प्रोसेसरवर चालवतं आणि मेमरीतल्या प्रत्येक बिटाला किंमत दिली गेली आहे की नाही याचा हिशोब ठेवतं. वेग वीसेक पटीनं घटतो. पण किंमत न देताच वापरलेलं चल, म्हणजे ज्यातून गार्बेज व्हॅल्यू येते, ते शोधायला हे साधन अजूनही फार उपयोगी आहे. अॅड्रेस सॅनिटायझर ती चूक पाहतच नाही.

आणि आपलं 16 व्या बाइटाचं प्रकरण या दोघांपैकी कुणालाच सापडत नाही. एकाच स्ट्रक्चरच्या आत एका घटकातून दुसऱ्या घटकात सांडलेला बाइट त्यांच्या दृष्टीनं प्रोग्रामच्याच मालकीच्या जागेत पडलेला असतो. तिथं कंपायलरच कामाला येतो. सगळे इशारे चालू ठेवले आणि नाव कोडमध्येच लिहिलेलं असलं, तर जीसीसी कंपाइल करतानाच बजावतो की 15 च्या जागेत 16 जात आहेत. नाव बाहेरून येत असेल तर 'फॉर्टिफाय सोर्स' हा पर्याय दुसऱ्या पातळीवर ठेवून, कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू करून तपासावं. मजकूर कॉपी करणारं फंक्शन मग त्या घटकाची मर्यादा पाहतं आणि ओलांडली की प्रोग्राम बंद करतं. कुठलंही एक साधन पुरत नाही, हे सुरुवातीलाच मान्य केलेलं बरं.

हललेले पत्ते, हरवलेल्या किल्ल्या

सी प्लस प्लसमध्ये आलं की लोकांना वाटतं, आता व्हेक्टर आहे, मेमरीची काळजी संपली. व्हेक्टर स्वतःची मेमरी नीट सांभाळतो हे खरं. पण त्याची जागा भरली की तो मोठी जागा घेतो, सगळे घटक तिकडं हलवतो आणि जुनी जागा सोडतो. जीसीसीच्या लायब्ररीत क्षमता दर वेळी दुप्पट होते: 1, 2, 4, 8. समजा 3 नोंदी असताना आपण दुसऱ्या नोंदीचा पत्ता एका पॉइंटरमध्ये काढून ठेवला. चौथी नोंद घातली, पत्ता चालतो. पाचवी घातली की सगळं बिऱ्हाड हलतं आणि आपला पॉइंटर जुन्या जागेकडे बोट दाखवत राहतो. वर्गातल्या उदाहरणात 4 नोंदी असतात, म्हणून तिथं हे कधी दिसत नाही. उपाय साधा आहे: पत्ता ठेवू नका, क्रमांक ठेवा.

डेटा स्ट्रक्चरचे काही बिघाड मेमरीचे नसूनही तसेच भासतात. हॅश टेबलमध्ये राज्याचं नाव ही किल्ली आहे. कार्यालयीन नोंदी हिंदीत, म्हणून किल्ली छत्तीसगढ़. आता हे नुक्ता असलेलं अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकाच चिन्हात, किंवा ढ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांत. पहिल्या तऱ्हेनं शब्दाचे 24 बाइट होतात, दुसऱ्या तऱ्हेनं 27. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. एका कीबोर्डनं घातलेली नोंद दुसऱ्या कीबोर्डनं शोधली की टेबल म्हणतं, नाही. मग मेमरी बिघडली असा संशय येतो आणि माणूस नको तिथं खणत बसतो. आत घेतानाच सगळा मजकूर एका ठरावीक रूपात आणला, म्हणजे युनिकोडच्या भाषेत नॉर्मलाइझ केला, की हा प्रश्न उद्भवतच नाही. कुठं नेमकं काय आहे हे पाहायचं असेल तर मजकूर अक्षरांत नव्हे, बाइटांत छापून पाहावा. दहा मिनिटांचं काम, पण दिवस वाचतो.

पहारा

कधीकधी कुठलंच साधन काही बोलत नाही, आणि तरी एका चलाची किंमत आपोआप बदललेली दिसते. आपोआप काही बदलत नसतं, कुणीतरी तिथं लिहीत असतं. त्याला रंगेहाथ पकडायची सोय डिबगरमध्ये आहे. जीडीबीमध्ये त्या पत्त्यावर वॉचपॉइंट लावायचा. एक्स-86 प्रोसेसरमध्ये यासाठी पत्ते ठेवणारे 4 रजिस्टर असतात, म्हणून वेग न घटता पहारा ठेवता येतो. त्या जागेची किंमत बदलली की प्रोग्राम तिथल्या तिथं थांबतो आणि जीडीबी जुनी किंमत, नवी किंमत आणि ओळ दाखवतो. ती ओळ पाहून पुष्कळदा धक्का बसतो, कारण तिचा त्या चलाशी काडीचा संबंध नसतो. जीडीबी लिनक्सवर पत्ते दर वेळी तेच राहतील अशी व्यवस्था करतो, म्हणून पहिल्या फेरीत बिघडलेला पत्ता टिपून दुसऱ्या फेरीत सुरुवातीपासून त्यावर पहारा ठेवता येतो. मोझिलामध्ये तयार झालेलं आरआर हे साधन तर प्रोग्रामची पूर्ण फेरी नोंदवून ठेवतं. मग पडझडीपासून सुरुवात करून मागे जाता येतं, आणि त्या बाइटावर शेवटचं कुणी लिहिलं तिथं थांबता येतं.

यासाठी बिघाड हुकमी घडवता आला पाहिजे. हजार नोंदींच्या फाइलवर प्रोग्राम मरतो ना? फाइल अर्धी करा. अजून मरतो? आणखी अर्धी. दहा वेळा अर्धी केली की एखाददुसरी नोंद हातात उरते, आणि ती पाहताच बहुधा कारण सुचतं. ज्यांना याचा कंटाळा येतो ते कोड वाचत बसतात आणि जे लिहायचं होतं तेच त्यांना दिसत राहतं.

गुंतागुंतीच्या डेटा स्ट्रक्चरसाठी आणखी एक सवय लावून घ्यावी. तपासणीचं एक फंक्शन लिहावं. दुहेरी लिंक्ड लिस्ट असेल तर प्रत्येक नोडच्या पुढच्याचा मागचा तो स्वतःच आहे का हे पाहणारं. बायनरी सर्च ट्री असेल तर डावीकडचं सगळं लहान आणि उजवीकडचं सगळं मोठं आहे का हे पाहणारं. तपासताना प्रत्येक घालण्या-काढण्यानंतर ते बोलवावं. प्रोग्राम हळू होईल, होऊ दे. ट्रीचा क्रम शंभराव्या नोंदीला बिघडला आणि पाच हजाराव्या नोंदीला क्रॅश आला, असं होण्याऐवजी शंभराव्यालाच कळेल.

न सुटलेली मेमरी

आतापर्यंत लवकर सोडलेल्या मेमरीची गोष्ट झाली. उलट बाजूचा बिघाड म्हणजे न सोडलेली मेमरी. प्रोग्राम मरत नाही, फुगत जातो. सकाळी सुरू केलेला सर्व्हर संध्याकाळी रांगू लागतो. पत्ताच हरवला आणि तुकडा तसाच राहिला, तर व्हॅलग्रिंड तो शोधून देतं. अवघड प्रकार वेगळा आहे: पत्ता हाताशी आहे, तुकडा यादीत नीट लावलेला आहे, पण यापुढं तो कुणी कधीच वापरणार नाही. साधन त्याला गळती म्हणत नाही. जावासारख्या भाषेतला गार्बेज कलेक्टरही त्याला हात लावत नाही, कारण तिथवर वाट आहे.

या प्रश्नावर मुंबईत महत्त्वाचं काम झालं आहे. आयआयटी मुंबईचे उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी 2007 साली एक पद्धत मांडली. कोड न चालवता, नुसता वाचून, प्रोग्रामच्या प्रत्येक ठिकाणी पुढं कोणत्या वाटा वापरल्या जाणार आहेत याचा हिशोब करायचा. लिंक्ड लिस्ट कितीही लांब असू शकते, म्हणून वाटाही अगणित होतात. त्या मावाव्यात यासाठी त्यांनी वाटा आलेखांमध्ये आवळून मांडल्या. जी वाट पुढं कुणी चालणार नाही तिच्यावरचा दुवा कंपायलरनंच रिकामा करून टाकायचा, म्हणजे कलेक्टरला तो तुकडा लवकर उचलता येईल. जीसीसी कंपायलरच्या आत काय चालतं हे शिकवणाऱ्या कार्यशाळाही खेडकरांनी आयआयटीत घेतल्या. कंपायलर ही उघडून पाहायची गोष्ट आहे, हा धीर त्यांनी अनेकांना दिला.

पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या 1981 साली सुरू झालेल्या संशोधन केंद्रातही कोड न चालवता तपासण्याची साधनं घडली. तिथलं टीसीएस एम्बेडेड कोड अॅनलायझर गाड्यांमधल्या आणि यंत्रांमधल्या सी कोडमध्ये अॅरेची मर्यादा कुठं ओलांडली जाऊ शकते हे शोधतं. अशा कोडमध्ये गळतीचा प्रश्न मुळातच टाळलेला असतो. वाहन उद्योगात रुळलेल्या मिस्रा सी या नियमावलीनुसार प्रोग्राम चालू असताना मेमरी मागायला आणि सोडायला मनाई आहे. लागणारी सगळी जागा आधीच ठरवून ठेवायची.

बाकीच्यांनी मोजत राहावं. व्हॅलग्रिंडमध्येच मॅसिफ नावाचं साधन आहे. ते प्रोग्राम चालू असताना ठरावीक अंतरानं मेमरीचा हिशोब लिहून ठेवतं: कोणत्या ओळीनं मागितलेले किती बाइट या क्षणी हातात आहेत. तेच काम प्रोग्रामला पुन्हा पुन्हा करायला लावा आणि सुरुवातीचा व शेवटचा हिशोब शेजारी ठेवून पाहा. बहुतेक ओळींचे आकडे थोडे वरखाली झालेले असतील. एखादी ओळ मात्र प्रत्येक फेरीला तेवढ्याच बाइटांनी वाढलेली दिसेल. ती ओळ कोणत्या यादीत भर घालते ते पाहा, आणि मग त्या यादीतून काढून टाकणारा कोड कुठं आहे ते शोधा. पुष्कळदा तो लिहिलेलाच नसतो.